झोपलेल्या झाडाइच्या वाटचं पाणी

सावरगाव (पांढुर्णा, म. प्र.)
६ एप्रिल २०२५

ती. शोभाआत्यास प्रियंकाचा सप्रेम जयभीम वि. वि.

आत्या, पहिले माफी मागून घेते. माह्यं शुद्धलेखन कसं आहे ते तुले माहीतच आहे, अन् मोबाईलवर मी एकाच बोटानं टाइप करते, म्हणून हे पत्र सकाळपासून चालू आहे. तूच म्हणली का फोनवर तू नुसती हूं हूं करते, त्यापेक्षा लिहून पाठव, मी चष्मा लावून आरामात वाचीन. तं वाच आता आरामात.

इकडं सगळे बरे. बाबा नगरपालिकेत जातात, येतात, अन् जेवताना रोज एकदा शोभीची आठवण काढतात. मायची कंबर सध्या चूप आहे. बगीचा झोपला. आपला मिरग बहाराचा ना, पावसाळ्यात फूल धरते, मार्चात संत्री उतरली का पाणी बंद. आता पानं मलूल होऊन राहिली. दुपारी बांधावर बसलं तं वाटते, काम आटपून बाया भिंतीले टेकून डोळे मिटून बसल्या आहेत. मी पायही हळू टाकते. जाम नदीत नुसते डोह उरले, त्याच्यात आभाळ बसून राहते.

आता खरी गोष्ट. मी अन् शेजारची दिपाली नारंगवन ह्या रसाच्या कंपनीच्या शेडात संत्री निवडाले जात होतो, तुले माहीत आहे. तिथं वीरेंद्र सर आहेत. त्याइचं काम मतलब सरकारशी अन् गावाशी बोलणं. दिपाली म्हणते बोलायचा पगार भेटते, तुले ते काम भेटलं असतं तं उपाशी मेली असती.

ह्या कंपनीची रीत वेगळीच आहे, आत्या. गेटवर मोठा फलक लावला. कोणत्या पार्टीले चंदा दिला, भोपाळले कोणत्या साहेबाले कोण भेटलं, काय मागितलं, सगळं रंगानं लिहून. दोन्ही पार्ट्याइचे नावं एकाखाली एक. महिन्यातून एकदा मांडव टाकून चौपाल भरवतात, कूलर लावतात, आलुबोंडे देतात. बाबा तिथं म्हणले, पोळ्याच्या गोटमारीत माणूस नदीच्या एका तिरावर उभा राहते, सावरगावच्या नाही तं पांढुर्ण्याच्या, पण हे कंपनी दोन्ही तिरावरून गोटे मारून राहिली. सरांनं ऐकलं. हसून म्हणले का दादाराव, मारतो दोन्हीकडून, पण गोटा पाठीमागं लपवत नाही.

तं एक दिवस चहाच्या टाइमाले सरांनं आम्हा पोरीइले विचारलं का मे महिन्यात बगीच्यात काय काम असते. सर माह्याकडं पाहत नव्हते, टेबलाखाली चष्मा शोधत होते, म्हणूनच माह्या तोंडून निघालं. मी म्हणली का काहीच काम नसते, मे महिन्यात आमची झाडं झोपतात. त्याइले कोणी पाणी पाजत नाही. पाजलं तं कच्च्या झोपेतून उठतात अन् फुलं विसरून जातात. सरांनं टेबलाखालून डोकं काढलं अन् म्हणले परत सांग. परत काही निघालं नाही. दिपालीनं सांगितलं.

मंग त्याईनं बाबाले विचारलं, मले विचारलं, का हे वाक्य फोटोसंगं छापायचं काय. मी मान हलवली. आता माह्यं पोस्टर लागणार, पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर अन् सौंसरच्याही! कशाचं पोस्टर ते नाही विचारलं. संत्र्याचंच असन. वाचून दाखवताना आवाज निघत नाही म्हणून जे पोट्टी नववीतून घरी बसली, तिचं वाक्य आता बस स्टँड वाचणार. दुपारी डोळा लागला तं दिसलं का मी भिंतीवर आहे अन् सगळ्या बसी माह्यापुढून आवाज न करता जाऊन राहिल्या, जशा पाण्याखालून.

फुफाजीले अन् अतुलदादाले जयभीम. माह्यावरचा जीव आहे तेवढा राहू दे, वाढला तं मी नाही म्हणणार नाही.

तुही,
प्रियंका


मोहगाव
११ एप्रिल २०२५

चि. प्रियंकास शोभाआत्याचे आशीर्वाद अन् जयभीम.

मले तुह्यासारखं मोबाईलवर खुटखुट जमत नाही. कागदावर लिहून अतुलले फोटो काढाले लावते.

सोमवारी तुह्या फुफाजीले घेऊन सौंसरच्या दवाखान्यात गेली. बीपी ठीक आहे, फक्त दवाखान्यात गेलं का वाढते. बसची वाट पाहून राहिलो होतो तं समोर तू. एवढी मोठी! अंगावर मी दिलेली ओढणी. पोरी, खरं सांगते, ऊर भरून आला. सोबत आमची बांधाशेजारची लीलाबाई होती. मी बोट दाखवून म्हणली, हे माही भाची, माह्या सख्ख्या भावाची. तिनं मान वर केली अन् तुह्या फोटोखालचं वाचलं. तिनं वाचलं म्हणून मी वाचलं.

तू ते वाचलं काय? तुह्या वाक्याखाली लिहून आहे का मई में संतरे को पानी नहीं लगता, इसलिए मई में नहर का पानी कारखाने को दिया जाए. नारंगवन की खुली माँग.

अवं, तुमची झाडं मिरगाची. ते मे महिन्यात झोपतात, बरोबर. आमची आंबियाची आहेत. त्याइले जानेवारीतच फूल आलं. आता फांदीफांदीले लिंबाएवढं हिरवं फळ धरून आहे. कालव्याचं पाणी आहे म्हणून तं आम्ही आंबिया धरतो. वरच्या तलावाचं पाणी पाळीनं येते, माही पाळी मंगळवारची. मे महिन्यात ते पाणी तुटलं तं सगळं फळ खाली. मंग दिवाळीले झाडावर काय पाहायचं, पाखरं?

पाणी समितीची बैठक सौंसरले २९ तारखेले आहे. तिथं कंपनी हे मागणी ठेवणार. पाणी कोणाले, ते त्याच दिवशी ठरते.

लीलाबाई गावात उतरल्यावर बोलली, अन् सगळ्यापुढं. म्हणे भाचीनं आत्याची चांगली परतफेड केली. आता कालव्यावर पाणी वळवाले गेली का बाया मले म्हणतात, आली वं झोपलेल्या झाडाची आत्या. हसतात, पण हसून झाल्यावर पाठ फिरवतात.

मी तुह्यावर रागावली नाही. थोडीशी रागावली. काल भाकरी जरा जोरानं थापली, एवढंच. तू जे बोलली ते तुह्या बगीच्यापुरतं खरं आहे. पण तुह्या बगीच्यापुरतं आहे हे त्या भिंतीले कोण सांगणार?

जेवत जाजो. माह्या मनात तुही जागा आहे तिथंच आहे.

तुही आत्या,
शोभा


सावरगाव
१६ एप्रिल २०२५

ती. आत्यास सप्रेम जयभीम वि. वि.

तुह्यं पत्र वाचून मी मोबाईल पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला. दोन-तीनदा पुन्हा पाहिला, तेच लिहून होतं.

चौदा तारखेले जयंतीची मिरवणूक निघाली. दरवर्षी मी मागून मागून चालते, कोणाले दिसत नाही. यंदा लहान पोट्टे बोट दाखवून म्हणत होते, ते पाह्य झोपलेल्या झाडाची. निळे झेंडे, डीजे, थंड सरबत, सगळे नाचून राहिले अन् मी मायच्या पाठीमागं. आत्या, मले सारखं वाटत होतं का एवढ्या गर्दीत तुह्या बगीच्यातलं हिरवं फळ टपटप पडून राहिलं अन् डीजेमुळं कोणाले ऐकू येत नाही.

काल मी गेटवर गेली अन् पूर्ण फलक वाचला. लपवलं तं काहीच नाही. भोपाळच्या मोठ्या ऑफिसात मार्चातच भेटून आले, काय बोलले तेही आहे. पाण्याची मागणी तिसऱ्या ओळीत आहे. मीच कधी वाचलं नव्हतं, आलुबोंडा खाऊन घरी जात होती. एकदम खाली, बोगनवेलीमागं, बारीक अक्षरात अजून एक ओळ भेटली. या मागणीवर ज्यांना काही म्हणायचे असेल त्यांनी लिहून द्यावे, तेही येथे लावू. त्याच्याखाली मोकळी जागा. चौकीदाराले विचारलं का इथं कोणी लिहून दिलं काय. तो म्हणे आजवर त्या जागेवर फक्त सरड्यानं हजेरी लावली.

घरी येऊन दिपालीले सगळं सांगितलं. ते चिडली. म्हणे कारखाना उन्हाळ्यात आंब्याचा रस काढते, तेव्हाच मले काम भेटते, पाणी नसलं तं मशीन बंद, मंग तुही आत्या माह्या घरी किराणा भरणार काय. तिचंही खोटं नाही. मी दोन्ही तिराच्या मधात उभी आहे, अन् पाण्यात पाय बुडून आहे.

दुपारी पुन्हा स्वप्न पडलं. तुही झाडं चालत सावरगावले आली होती. पदरात हिरवं फळ धरून, धापा टाकत. आमच्या दारात उभं राहून पाणी मागत होती, अन् आमची झाडं आत झोपलेली, कोणी कडीच काढेना. मी उठून दार उघडाले गेली तं पायच उचलेना.

मी काय करू, आत्या? बाबा म्हणतात शोभीले विचार.

तुह्या रागातही तुह्या मायेचा वास येते, म्हणून अजून मागते.

प्रियंका


मोहगाव
१८ एप्रिल २०२५

चि. प्रियंकास आशीर्वाद.

बोगनवेलीमागची ते मोकळी जागा कोणासाठी ठेवली असन, सरड्यासाठी?

तू बोलू शकत नाही, ठीक आहे. पण मले एवढे लंबे लंबे पत्र लिहिते ना? तसंच त्या सरले लिही. माफी मागू नको, तू खोटं बोलली नाही. अर्धं बोलली. उरलेलं अर्धं लिहून दे. अन् दिपालीचंही लिही, ते आपली आहे.

बैठकीले मी नाही येऊ शकत. २९ ले मंगळवार, माही पाळी. मी बांधावर नसली तं पाणी पुढच्याच्या वावरात जाते अन् आठ दिवस झाडाइचं तोंड पाहत बसा लागते. फुफाजीले उन्हात पाठवत नाही. अतुल येईन. तो हॉलमध्ये कोपऱ्यात उभा राहीन, तुले भेव वाटलं तं त्याच्या शर्टाकडं पाह्यजो. रंग असा आहे का दुसरं काही दिसणारच नाही.

तुही,
शोभाआत्या


सावरगाव
२० एप्रिल २०२५

आदरणीय वीरेंद्र सरांस जयभीम, नमस्कार.

सर, मी शेडातली प्रियंका, दादाराव यांची मुलगी. टायपिंगच्या चुका माफ करा, मुद्द्याच्या नाही.

तुम्ही चष्मा शोधत होते तेव्हा मी म्हणली का मे महिन्यात आमची झाडं झोपतात. ते खरं आहे. आमचा बगीचा मिरगाचा आहे. तुम्ही ते सगळ्या संत्र्याइसाठी छापलं. मोहगावले माही आत्या आहे, तिचा बगीचा आंबियाचा. तिच्या झाडाइच्या अंगावर मे महिन्यात फळ असते. त्याइले पाणी नाही भेटलं तं फळ गळते. कालव्यावर असे खूप बगीचे आहेत. मी तेव्हा एवढं बोलू शकली नाही, कारण मले एका वेळी एकच वाक्य जमते.

तुम्हाले पाणी पायजे ते मले समजते. कारखाना बंद राहू नये असं मलेही वाटते, दिपालीचं काम आहे. पण ज्या झाडाचं पाणी तुम्ही मागून राहिले ते झोपलेलं असलं पायजे.

फलकावर लिहून आहे का कोणी काही लिहून दिलं तं लावू. हे लावा. अन् बैठकीत माह्यं पहिलं वाक्य वाचणार असान तं हेही वाचा.

शेडातले पंखे नीट करून दिले त्याबद्दल आभार. आमच्याबद्दल मन साफ ठेवा.

आपली,
प्रियंका


सौंसर
२३ एप्रिल २०२५

कु. प्रियंका यांस सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. मी ते नागपूरच्या ऑफिसला पाठवले. त्यांना आवडले नाही. त्यांचे म्हणणे असे की बैठकीच्या तोंडावर आपल्याच विरोधातला कागद आपल्याच गेटवर लावणारी आपली पहिलीच कंपनी असेल. मी त्यांना सांगितले की फलकावरची शेवटची ओळ मीच रंगवून घेतली होती, आणि ती पुसायची असेल तर पेंटर पुन्हा बोलवावा लागेल, सगळ्या गावासमोर. मग हो म्हणाले. आज सकाळी तुमचा कागद लावला. बोगनवेल छाटली.

दोन गोष्टी साफ सांगतो. कंपनी मागणी मागे घेणार नाही. आम्हाला पाणी खरेच लागते आणि ते मागायला मला पगार आहे. मी २९ तारखेला पूर्ण जोर लावून मागणार. मी कंपनीचा माणूस आहे, तुमचा नाही, हे विसरू नका.

दुसरे. तुमचा कागद मी वाचीन, पण तुम्ही तिथे हजर पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील की हाही आम्हीच लिहिला.

आंबिया आणि मिरग हा फरक मी विचारायला पाहिजे होता. चष्मा सापडला होता, तरी विचारला नाही.

घरी सर्वांना नमस्कार. ओळख ठेवा.

आपला,
वीरेंद्र


सावरगाव
३० एप्रिल २०२५

ती. आत्यास सप्रेम जयभीम वि. वि.

तुले अतुलदादानं सगळं सांगितलंच असन, तरी माह्याकडून वाच.

बाबाईनं सुट्टी काढली. बस जामसांवलीले अडकली, मंगळवार ना, हनुमानाले एवढी गर्दी का रस्ता दिसेना. बाबा खिडकीतून डोकं काढून मोटरसायकलवाल्याइले ओरडत होते अन् मी मनात म्हणत होती का राहू दे, अशीच उभी राहू दे बस, संध्याकाळपर्यंत. पण निघाली.

हॉल मोठा होता. मोठे साहेब, लहान साहेब, दोन्ही पार्टीचे लोक, कालव्यावरचे माणसं, बाया. लीलाबाईही होती, तिनं मले पाहून पदर सारखा केला. अतुलदादाचा शर्ट दिसला. आत्या, तो रंग कोणी निवडला?

सर पहिले उठले. त्याईनं कंपनीची मागणी हिंदीत अशी वाचली का मलेच वाटलं पाणी देऊन टाका बिचाऱ्याइले. किती लोकाइले काम भेटते, किती आंबे येतात, सगळं. माह्यं झोपलेल्या झाडाचं वाक्यही वाचलं. अजिबात ढिलं नाही बोलले. मंग पाणी पिले, चष्मा पुसला अन् म्हणले का आमच्या गेटवर अजून एक कागद लागून आहे, तोही आमचा नियम म्हणून वाचतो. अन् माह्यं पत्र वाचलं. तेवढ्याच मोठ्या आवाजात. पंख्याचं अन् टायपिंगच्या चुकाइचंही वाचून टाकलं.

मंग साहेबाईनं मले काहीतरी विचारलं. त्याच्यानंतरचं मले नीट आठवत नाही. वर पंखा फिरत होता, त्याची सावली टेबलावर फिरत होती, अन् मले वाटलं मी जाम नदीच्या डोहात खाली खाली बसली आहे, वरून आवाज येऊन राहिले.

भानावर आली तं लहान साहेब कालव्याचा नकाशा उघडून लोकाइले विचारत होते का तुह्या झाडावर आता फळ आहे का नाही. ज्याइचा मिरग आहे, ज्याइची झाडं झोपून आहेत, त्याइच्या वाटचं मे महिन्याचं पाणी यंदा कारखान्याले. ज्याइच्या अंगावर फळ आहे त्याइची पाळी जशीच्या तशी. तुही मंगळवारची पाळी कायम आहे, आत्या. कारखान्याले मागितलं त्याच्या अर्ध्याच्याही आत भेटलं, एकच मशीन चालन म्हणे. हे यंदापुरतंच, असंही लिहून घेतलं.

बाहेर सर भेटले. मी खाली पाहून राहिली होती. ते म्हणले का पुढच्या साली मी पुन्हा मागणार. बाबा म्हणले मांगा, आम्ही पुन्हा येऊ. मंग दोघाइनं रसवंतीवर उसाचा रस पिला. अन् मले एक सांग, तू त्या वेळी काय करत होती?

आता तरी भाकरी हळू थाप.

तुही,
प्रियंका


मोहगाव
२ मे २०२५

चि. प्रियंकास खूप खूप आशीर्वाद, जयभीम.

मी काय करत होती? फावडं घेऊन उभी होती. पाणी नुकतंच आलं होतं. सुकल्या पानावरून पाणी चालते तेव्हा कसा आवाज करते माहीत आहे ना, कोणी कानात हळू बोलल्यासारखं. मी एका एका झाडाचं आळं भरत गेली अन् प्रत्येकाले म्हणत होती, पिऊन घे बाई, पुढच्या मंगळवारचं मले माहीत नाही. शेवटच्या झाडापाशी आली तं अतुलचा फोन. मी चिखलाच्या हातानंच घेतला. मोबाईल अजून नीट लागत नाही.

तू म्हणते तुले आठवत नाही. अतुलले आठवते, अन् आता साऱ्या मोहगावले आठवते. साहेबाईनं हसून हिंदीत विचारलं म्हणे, का बेटी, तुम्हारे पेड़ सोते हैं तो बुआ के पेड़ क्यों नहीं सोते. सगळे हसले. अतुल म्हणते तू त्याच्या शर्टाकडं पाहिलंच नाही. साहेबाच्या डोळ्यात पाहिलं अन् मराठीत, आपल्या बोलीत, असा आवाज काढला का मागच्या दारापर्यंत गेला. म्हणली का साहेब, लेकरू अंगावर पीत असलं तं माय झोपते काय?

बाया पहिले हसल्या, मंग टाळ्या. साहेबाले मराठी समजलं नाही. त्याईनं विचारलं क्या कहा. तेव्हा तुहे ते सर उभे राहिले. कंपनीचा माणूस, पण शब्द न शब्द हिंदी करून सांगितलं. अतुल म्हणते सांगून झाल्यावर खाली बसले ते चष्मा काढून बसले.

लीलाबाई संध्याकाळी घरी आली. कोहळ्याची भाजी घेऊन. मले म्हणे तुही भाची लय तोंडाची आहे. मी म्हणली, हो, लहानपणापासूनच! अन् गंमत ऐक. नकाशा पाहिला तं तिचाच अर्धा बगीचा मिरगाचा निघाला. तिच्या झोपलेल्या झाडाइचं पाणी कारखान्याले जाणार. आता कालव्यावर झोपलेल्या झाडाची आत्या कोण, ते तूच सांग. मी मात्र तिले तसं म्हणत नाही. मनात म्हणते.

पुढच्या साली कंपनी पुन्हा मागणार हे चांगलंच झालं. गोटा समोरून दिसला का डोकं बाजूले घेता येते. पण तेवढ्यासाठी तिराकडं कोणीतरी पाहत राहा लागते. आलुबोंडा खा, पण फलक वाचून खा.

दिवाळीले ये. पहिलं पिकलं संत्रं तुह्या हातानं तोडायचं. तोपर्यंत त्याले अन् तुले दोघाइले माह्या नजरेत ठेवते.

तुही,
शोभाआत्या


सावरगाव
७ मे २०२५

ती. आत्यास सप्रेम जयभीम वि. वि.

ते मीच बोलली? मले वाटलं कोणी बाई मागून बोलली.

बस स्टँडवर माह्यं पोस्टर अजून आहे. कंपनीनं त्याच्यावर एक पट्टी चिकटवली, का यह बात मिरग बहार के लिए है. पट्टी तिरपी लागली, माही हनुवटीच झाकून गेली. दिपाली म्हणते आता जास्त चांगली दिसते. ते बोलून राहिली माह्याशी. एक मशीन चालू आहे, तिचं नाव लागलं. सगळ्या पोरीइचं नाही लागलं. ज्याइचं नाही लागलं त्या मले पाहून रस्ता बदलत नाहीत, पण थांबतही नाहीत. ते मले दुपारच्या स्वप्नात दिसते. त्याइचं काय लिहू, अन् कोणत्या मोकळ्या जागेवर, ते अजून सुचत नाही. सुचन.

फलक रोज वाचते. पुढच्या सालची मागणी आताच रंगवून झाली. त्याच्याखाली मोकळी जागा आहे, अन् बोगनवेल पुन्हा वाढून राहिली. मी जाता-येता एक-दोन फांद्या मोडून टाकते. चौकीदार त्या झाडून टाकते.

आपली झाडं अजून झोपून आहेत. पाऊस आला का उठतील. तोपर्यंत बांधावर बसून मी त्याइले तुह्या झाडाइच्या गोष्टी सांगते, हळू आवाजात. दिवाळीपर्यंत माह्यासाठी एक फांदी अन् थोडी माया राखून ठेवजो.

तुही,
प्रियंका

ता. क. आपल्या मांजरीनं बाबाच्या हेल्मेटात चार पिल्लं दिली. बाबा नगरपालिकेत पायीच जाऊन राहिले.